दोनशे अडुसष्ट नंबरचा ग्लास

"आधी तो गजरा काढा."

शिवप्रिया जळकोटच्या फाट्यावर एसटीतून उतरून, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेत ब्रुअरीच्या दारापर्यंत चालत आली होती. नोकरीचा पहिला दिवस. आणि दारात रबरी बूट घातलेला एक उंच तरुण तिच्या केसांकडे बोट दाखवून हे सांगत होता. ना ओळख, ना नमस्कार…

"का बरं?"

"चवीच्या खोलीत वास चालत न्हाय. फुलं, अत्तर, पावडर, कायच न्हाय. तुमचा गजरा आत आला तर सगळ्या बिअरला जाईचा वास यायचा."

"मग ठेवू कुठं?"

त्यानं तळहात पुढं केला. "माझ्याकडं. मी कृष्णराज, ढोकीचा. इथली बिअर मी करतो."

तिनं गजरा काढला, आणि त्याच्या हातावर ठेवताना बोटांचा बोटांना उगीचच धक्का लागला. उगीचच, असं तिनं स्वतःला बजावलं. संध्याकाळी त्यानं तो शीतगृहातून काढून परत दिला तेव्हा फुलं सकाळपेक्षा टवटवीत होती. घरी आईनं, इरम्मानं, मात्र नाक मुरडलं. "ह्या गजऱ्याला कडू वास कशाचा गं?" तो हॉप्सचा होता. बिअरला कडूपणा आणणारी ती सुकी फुलं त्याच शीतगृहात ठेवलेली असत. शिवप्रियानं आईला सांगितलं, एसटीत कुणाची तरी औषधांची पिशवी शेजारी होती.

तर ही शिवप्रिया नळदुर्गच्या महालिंगप्पांची एकुलती एक लेक. अप्पांचं धान्याचं दुकान. लहानपणी दाणा चावून ती सांगायची, ही ज्वारी यंदाची, ही गेल्या सालची, आणि व्यापारी तोंडात बोट घालायचे. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकून आली तेव्हा वर्षाराणी मॅडमनी जळकोटजवळ ही ब्रुअरी काढली होती. मालदांडी ज्वारी घालून एल नावाची बिअर करायची, थोडी पण वेगळी. त्यांना चव घेऊन मार्क देणारी जीभ हवी होती. ती नळदुर्गात सापडली.

घरात भूकंप झाला. लिंगायताचं घर, दारूचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं. पण पोरगी पुण्याला जाण्यापेक्षा बरं, म्हणून इरम्मा एका अटीवर तयार झाली. तिनं लेकीला गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायला लावलं आणि म्हणाली, "तोंडात घे, थुंक. गळ्याखाली थेंब गेला तर ह्या घरात पाऊल टाकू नको."

शिवप्रियानं ते तंतोतंत पाळलं. समोर नंबर लावलेले ग्लास, बाजूला चूळ टाकायला स्टीलचं भांडं, आणि मध्ये तोंड साफ करायला बिनमिठाच्या भाकरीचे तुकडे. ग्लासात कुणाची बिअर आहे ते चाखणाऱ्याला ठाऊक नसायचं. रंग, फेस, वास, चव, आणि शेवट, म्हणजे मागं रेंगाळणारी चव… प्रत्येकाला दहा मार्क आणि खाली एका ओळीचा शेरा. ती घोट तोंडात घोळवायची, डोळे मिटायची, थुंकायची, लिहायची.

"शेवटाचे मार्क तुम्ही कसे काय देता?" कृष्णराजनं एकदा दाराला टेकून विचारलं.

"जिभेनं."

"वाइन थुंकून कळती. बिअर न्हाय. हिचा कडूपणा मागं, घशात कळतो. गिळल्याबिगर पुरी होत न्हाय ती."

"माझी जीभ तुमच्या घशापेक्षा हुशार आहे."

"ते तर पहिल्या दिवशीच कळलं," तो हसत म्हणाला. "पर एक घोट. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी मी गजरा सोडला, तेवढं पुरे."

हे असं सुरू झालं आणि थांबेचना. तो रोज एकदा म्हणायचा, एक घोट. ती रोज मान उडवायची. पत्र्याच्या शेडखाली तो भिजलेली ज्वारी फावड्यानं पालथी करायचा आणि ती काम नसताना तिथून जायची. जाताना ओंजळभर मोड आलेले दाणे उचलायची. तो म्हणायचा, "असंच खाल्लं तर पिंपात काय घालू?" आणि दुसऱ्या दिवशी वाटीत वेगळे काढून ठेवायचा. सगळी ब्रुअरी गालात हसत होती. या दोघांना वाटत होतं, कुणाला काही कळत नाही!

पाडव्याला तिनं त्याच्यासाठी डब्यातून बेवू-बेल्ला आणलं. तिच्या घरी सणाचा पहिला घास त्याचाच: कडुलिंबाची फुलं आणि गूळ.

"आधी गोड लागतं," ती म्हणाली. "मग कडू. माझी अव्वा, म्हणजे आई, म्हणते, दोन्ही एकाच घासात खायचं. निवडायचं नाही."

त्यानं डोळे मिटून खाल्लं आणि डबा बोटानं निपटून काढला. मग म्हणाला, "ह्याची एल केली तर?" आणि तिच्याकडं असं बघितलं, की तिला डब्याचं झाकण सापडेना.

मे महिन्यात निवडीचा दिवस ठरला. बाटलीत भरून बाहेर पाठवायची एक एल निवडायची होती. पुण्याच्या सल्लागाराच्या चार, कृष्णराजची एक. त्याला गोव्याहून बोलावणं आलं होतं, हे तिला ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं. "माझी निवडली तर राहतो. न्हाय तर इथं सल्लागाराचं पाणी ढवळत बसायचं… त्यापेक्षा गोवा बरा."

"कोणती केलीत?"

"ओळखा. हुशार जीभ ना तुमची?"

तिला रात्रभर झोप लागली नाही. आजवर तिनं एकही खोटा मार्क दिला नव्हता. पण हा माणूस गेला तर रोज एसटीतून उतरायचं कशाला, हे तिला कळत नव्हतं. आणि पहाटे तिनं मनाशी ठरवून टाकलं. त्याची ओळखायची आणि वर ठेवायची, मग ती कशीही असो.

पाच ग्लास आले. मॅडम, सोलापूरचे एक हॉटेलवाले आणि शिवप्रिया. सगळ्यांची भिस्त तिच्यावर, कारण इतर दोघं तिचा चेहरा बघूनच लिहीत. तिनं कडूपणा शोधला. कडुलिंब घालणारच तो, तिला खात्री होती. चारशे सतरा नंबरनं जीभ टेकताच कडू झणका दिला. हीच! तिनं पन्नासपैकी शेहेचाळीस दिले. आणि ती वर राहावी म्हणून बाकीच्या झोडपल्या. दोनशे अडुसष्ट तर नुसतीच गुळमट लागली. तिनं थुंकली, शेवटाला दोन मार्क दिले, आणि हात शिवशिवत होता म्हणून शेरा लिहिला: "नुसता गोडवा, आत काही नाही. करणाऱ्याला गोड बोलून वेळ मारून न्यायची सवय असावी."

मॅडमनी यादी उघडली. चारशे सतरा पुण्याची निघाली, दोनशे अडुसष्ट कृष्णराजची.

शेऱ्यांचे कागद बिअर करणाऱ्याला वाचायला मिळत. कृष्णराजनं तिचा कागद उभ्यानं वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि कुणाकडंही न बघता बाहेर गेला.

खोली रिकामी झाल्यावर शिवप्रियानं दोनशे अडुसष्टचा उरलेला ग्लास उचलला. हात गळ्याशी गेला, इष्टलिंगाशी थबकला, आणि खाली आला. तिनं घोट घेतला. गूळ… तोच गूळ. आणि तिनं गिळलं.

आधी काही झालं नाही. मग घशातून हळूहळू कडुलिंब वर आला, स्वच्छ, ठाम, आणि मागून परत गुळाची हलकी सय. पाडव्याचा तिचाच घास होता तो. सात महिने तो माणूस सांगत होता, एक घोट. तिला रडू आलं, आणि रडण्यात स्वतःचा रागच जास्त होता.

ती मॅडमकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. गिळल्याशिवाय शेवट कळत नाही हे, आणि कुणाला तरी वर ठेवायला म्हणून आज खोटे दिले हेही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुला आता या खोलीत बसवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "एल उद्या परत चाखू. पण तो राहणार असेल तरच. विचार त्याला."

कृष्णराज शेडमागच्या खोलीत बॅग भरत होता.

"मी गिळली," ती म्हणाली.

त्याचे हात थांबले. "आन्?"

"मी चुकले. चारशे सतरा तुमची समजून मार्क दिले… तुम्ही राहावं म्हणून. मॅडम उद्या परत चाखणार आहेत. राहा ना."

त्याच्या चेहऱ्यावर एकदम इतकं काही उमललं, की तिला वाटलं, मिटलं सगळं. तो दोन पावलं जवळ आला. पहिल्यांदाच त्यानं तिला एकेरीत हाक मारली.

"शिवप्रिया, मार्कांसाठी मी राहत न्हाय. तुझ्यासाठी राहीन. पर एक सांग. आज गळ्याखाली घोट गेला, हे घरी सांगशील?"

ती बॅगेच्या उघड्या चेनकडं बघत राहिली.

"घोटाचं सांगता येईना," तो अगदी हळू म्हणाला, "तर माझं कवा सांगशील?"

तिला म्हणायचं होतं, आज. आत्ता. पण डोळ्यांपुढं अव्वाचा उंबरा आला. त्यानं वाट बघितली. खरंच बघितली, बॅगेची चेन न लावता, बराच वेळ. बाहेर वळवाचे चार थेंब पत्र्यावर वाजून थांबले. मग त्यानं चेन लावली.

"राग न्हाय," तो म्हणाला. "खरंच न्हाय." आणि फाट्याकडं चालू लागला. सोलापूरची गाडी त्याला लगेच मिळाली.

पुढच्या गाडीनं ती नळदुर्गला उतरली तेव्हा दिवेलागण होत होती. ती दारातच थांबली, आत पाऊल टाकलं नाही. इरम्मा ताटात तांदूळ निवडत होती.

"अव्वा, गळ्याखाली गेला."

इरम्माचे हात थांबले. तिनं लेकीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. शिव्या येतील, दार लागेल, असं शिवप्रियाला वाटलं. इरम्मानं ताट बाजूला सरकवलं.

"चुकून गेला का जाणून?"

"जाणून."

"कुणासाठी?"

शिवप्रियानं सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो काय करतो तेही सांगितलं. एका दमात, न अडखळता. इतकं सोपं होतं ते.

इरम्मानं ताट परत पुढं ओढलं, दोन खडे वेचले. मग कपाळावरचा घाम पदरानं टिपत म्हणाली, "मला पसंत न्हाय. तुझे अप्पा तर बेडा, नकोच म्हणतील. लई भांडण हुईल." आणि जरा थांबून, "घेऊन ये त्याला. तोंड तरी बघू दे."

"तो गेला, अव्वा."

"कवा?"

"तासाभरापूर्वी. आपल्याच दारावरून गेली गाडी."

"मग तू काय म्हणलीस त्याला?"

"काहीच न्हाय," शिवप्रिया म्हणाली, आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसली.