आतून ओ देऊ नये

निर्मला घर सोडून सरावलीला राहायला जाणार, ही बातमी पाड्यात सगळ्यांच्या आधी चंद्रिकाला कळली, यात नवल काहीच नव्हतं. दोघींच्या अंगणांमध्ये शेवग्याचं एक झाड काय ते आडवं. निर्मलाकडे डाळीला फोडणी कशाची पडली हे चंद्रिकाला घरबसल्या वासावरून सांगता यायचं, आणि नाही आलं तर ती उठून विचारून यायची. पन्नाशीला आलेली बाई, पोरगा मनिष वापीला कामाला, घरात नवरा लाहू आणि ती. लाहू मुळातच कमी बोलणारा. मग बाईनं बोलायचं तरी कुणाशी?

जमीन हलायला लागली ती २०१८ च्या दिवाळीनंतर. तलासरीकडच्या त्या डोंगराळ गावांत लोकांनी आधी वाटेल ते नाव दिलं, कोण म्हणे खाणीचा सुरुंग, कोण म्हणे धरणाचं पाणी. मग रोजचंच झालं. आधी जमिनीच्या पोटातून गुडगुड यायची, कुणी लांबवर जातं फिरवतंय अशी, आणि तिच्यामागून हादरा. भांडी खणखणायची, कुत्री गप्प व्हायची. माणसं थंडीत अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागली. चंद्रिकाचं घर जुनं, कारवीच्या कुडाचं, ते नुसतं डुलायचं. निर्मलाचं घर विटांचं, पक्कं म्हणून बांधलेलं. त्याच्याच भिंतीला पुढून मागून भेग गेली, इतकी की अंगणातून आतला दिवा दिसावा. दाराची चौकट तिरकी झाली. दार कधी नुसत्या बोटानं उघडायचं, कधी खांदा लावून हलायचं नाही.

या हादऱ्यांनी पाड्याला एक सवय लावली. जमीन थांबली की अंगणात उभं राहून एकमेकांना नावानं हाका मारायच्या, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं जिथं असेल तिथून लगेच ओ द्यायची. लाहूनं उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं, 'अगो' वर संसार काढला होता. हादऱ्यांनी त्याला 'चंद्रिका' म्हणायला शिकवलं. ती त्यावरून त्याला चिडवायची, म्हातारपणी बरं नाव आठवलं म्हणून. पण जानेवारीत एकदा तिला ओ द्यायला उशीर झाला. ती मागच्या बाजूला लाकडं काढत होती. लाहूला वाटलं ती आतच राहिली, तो तिला शोधायला घरात धावला आणि वरून आढ्याची कौलं त्याच्या डोक्यावर आली. टाके पडले. तेव्हापासून चंद्रिका हाकेची वाटसुद्धा बघत नसे. नावाचं पहिलं अक्षर ऐकलं की ओ.

तर निर्मलाचं जायचं ठरलं. तिच्या नवऱ्याला, रविंद्रला, सरावलीजवळ कारखान्यात काम होतं, तिथंच एक खोली मिळाली. पोरगी शितल लहान. रोज निजताना ती विचारायची, आई, भिंत आज पडणार का उद्या. असं किती दिवस ऐकायचं?

सामान बांधायला चंद्रिका रोज हजर. मदत करायची हे खरं, पण बांधलेल्या पोत्याचं तोंड सोडून आत काय आहे हेही बघायची. निर्मला हसायची. म्हणायची, काकी, तुम्ही आहात म्हणून एक पोतं मला दोनदा बांधायला मिळतं. काय न्यायचं, काय ठेवायचं यावर दोघींचं रोज बोलणं व्हायचं. उखळ नको, तिथं कांडणार काय? भाताची कणगी खोलीच्या दारातून जायची नाही, ती राहू दे. पितळेचा हंडा न्यायचा. दुपारी भांडी रचून ठेवावीत आणि संध्याकाळच्या हादऱ्यानं ती परत पसरावीत, असं चाललं होतं.

त्यातच एकदा चंद्रिकाला म्हातारी आठवली. बुधीबाई, निर्मलाची सासू, पावसाळ्यात गेली. ती सांगायची, घर सोडायचं ठरलं की त्या घरातून ओ देऊ नये. कुणी हाक मारली तर उंबऱ्याबाहेर यावं, मग बोलावं. घराला वाटतं, हे आपल्याला ओ देतंय. मग ते ओ देणारं माणूस ठेवून घेतं. हे चंद्रिकानं हसत हसतच सांगितलं. निर्मलाही हसली. म्हणाली, इथं दिवसाला इतक्या हाका होतात, घर कुणाकुणाला ठेवेल?

फाल्गुनातल्या एका दुपारी टेंपो आला. कपाट चढलं, हंडा चढला, रविंद्र पुढं ड्रायव्हरजवळ बसला आणि शितल त्याच्या मांडीवर. राहिली होती एक खुडूक कोंबडी. ती कणगीमागं टोपलीत अंड्यांवर बसलेली, तिला हलवलं असतं तर अंडी वाया गेली असती. म्हणून पिल्लं निघेपर्यंत तिला तिथंच ठेवायचं आणि चंद्रिकानं दाणापाणी बघायचं असं ठरलं. किल्ली चंद्रिकाच्या कनवटीला आली. निर्मला चपला उंबऱ्याशी काढून कोंबडीला शेवटचं पाणी ठेवायला आत गेली.

तेवढ्यात गुडगुड झाली.

मोठा हादरा होता. टेंपो जागच्या जागी डचमळला, दार धाडकन मिटलं, भेगेतून चुन्याची धूळ उडाली. जमीन थांबायच्या आतच चंद्रिका सवयीनं ओरडली.

"निर्मला!"

"ओ, काकी! आत हाय!"

लगेच आली ओ, खणखणीत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग मात्र आतून काही आलं नाही. रविंद्र खाली उतरून दाराशी पोचतो तोच दार आपलं आपण सावकाश उघडलं आणि निर्मला बाहेर आली.

चंद्रिका तिच्या गळ्यात पडायला पुढं झाली होती. दोघी रडणार, हे ठरल्यासारखंच होतं. पण निर्मला तिच्या बाजूनं निघून गेली. तिच्या अंगाला वास येत होता, नवी विहीर खणताना खोलातनं पहिली ओली माती वर येते ना, तसा. ती टेंपोत बसली. रविंद्रनं परत चढून शितलला मांडीवर घेतलं, ती आणखी आत सरकली आणि तिनं तोंड बापाच्या शर्टात लपवलं. टेंपो गेला. वळणावर कुणी हात केला नाही.

घाबरली असेल बिचारी, चंद्रिका स्वतःला म्हणाली. कुलूप लावायला गेली तर चपला तिथंच. निर्मला अनवाणीच गेली होती.

ऊन उतरल्यावर चंद्रिका कोंबडीसाठी मूठभर कण्या आणि तांब्या घेऊन निघाली. लाहू गुरांकडे गेला होता. शेजारचं अंगण इतकं रिकामं तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या अंगणात, शेवग्याखाली, कोंबडी बसलेली. अंग फुगवून, चोच उघडी टाकून.

दाराला कुलूप होतं. खिडकीला फळी ठोकलेली. ही बाहेर आली कुठून?

चंद्रिकानं तिला उचललं, दारापाशी आणलं. कोंबडीनं नखांनी तिचं मनगट ओरबाडलं आणि परत झाडाखाली जाऊन बसली. अंडी गार होतील म्हणून चंद्रिकानं कुलूप काढलं. चपला बाहेर निर्मलाच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं.

आत अंधार लवकर झाला होता. भेगेतून उन्हाची एक तांबडी रेघ आडवी पडलेली, बाकी सगळं काळं. भाताचा जुना कोंडा, चुना, आणि त्याखाली तोच खोलातल्या मातीचा वास. सामान गेलेल्या घरात पावलाचा आवाज मोठा होतो. इथं तो होत नव्हता. चंद्रिका चार पावलं चालली आणि तिचं पाऊल तिलाच ऐकू आलं नाही.

"काकी..."

कणगीमागून आला आवाज. अगदी हळू.

"काकी, दार... दार उघडं ठेवा..."

तो निर्मलाचा आवाज होता. तिला सर्दी झाली की तो जसा बसायचा, तसा बसलेला. चंद्रिकाच्या हातातला तांब्या कलला, पाणी पायावर सांडलं आणि त्याचाही आवाज झाला नाही. निर्मला तर सरावलीला गेली. तिच्या डोळ्यांसमोर टेंपोत बसून गेली.

गुडगुड आली. या वेळी ती पायाखालून आली नाही, चारही भिंतींतून आली. दार मिटलं. चंद्रिका धावली, तिनं कडी ओढली, खांदा लावला. चौकट कुरकुरत आणखी तिरकी झाली आणि दार तिच्यात रुतून बसलं. दारावरच्या विटा एकमेकींवर घासत होत्या. त्यांची भुकटी तिच्या केसांत पडू लागली.

जमीन थांबली. बाहेरून हाक आली.

"चंद्रिका!"

ओ तिच्या ओठांवर आली होती. मागून कुणीतरी तिचा पदर धरला.

"ओ देऊ नका, काकी... मी दिली."

चंद्रिकानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. जिला गप्प बसवणं तिच्या स्वतःच्या सासूलाही जमलं नव्हतं, ती बाई स्वतःचेच दात स्वतःच्या तळहातात रुतवून उभी राहिली. तिला म्हातारी आठवली, दुपारची ओ आठवली, आणि ती हाक कुणी मारली होती तेही आठवलं.

"चंद्रिका! अगो, कुठं हायेस?"

भेगेला डोळा लावला तर लाहू दिसला. तो आधी आपल्या घरात डोकावला, मग मागच्या बाजूला लाकडांकडे गेला. कपाळावरची टाक्यांची खूण लांबूनही पांढरी दिसत होती. मग त्यानं वळून इकडं पाहिलं. उघडं कुलूप त्याला दिसलं. उंबऱ्याशी काढलेल्या तिच्या चपला दिसल्या.

तो यायला लागला. धावतच.

दारावरची एक वीट अर्धी बाहेर सरकली होती. तिच्यावर सगळी ओळ टेकलेली. दाराला एक धक्का बसायचा अवकाश. चंद्रिकानं मान हलवली, हात हलवला, पण अंधारातला हात त्याला काय दिसणार? तिनं पुन्हा दार ओढलं. ते तसूभर हललं नाही. लाहू पायरीशी आला. त्यानं खांदा दाराकडे केला.

पदर धरलेला हात अजून तिला मागं ओढत होता.

"ओ!" चंद्रिका म्हणाली. "मी हाय. मी बरी हाय. तुम्ही आत येऊ नका!"

लाहू थांबला. एक पाऊल मागं झाला.

दार उघडलं, बोटानं ढकलल्यासारखं. सगळी संध्याकाळ आत आली. चंद्रिका बाहेर पडायला निघाली, पाय उचलला, टाकला, पुन्हा टाकला. उंबरा आहे तिथंच होता आणि ती आहे तिथंच होती. तिच्या बाजूनं कुणीतरी गेलं. तिचंच हिरवं लुगडं, तिचाच सैल अंबाडा, त्यात विटेची भुकटी. स्वतःची पाठ चंद्रिकानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती बाई पायरी उतरली तशी कोंबडी झाडाखालून उठून पळाली.

"चपला घाल ना," लाहू म्हणाला.

ती बाई चालत राहिली.

"रागावली काय गो? बोलत का नाय?" लाहू हसला. मग त्यानं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, आणि चपला विसरून तो तिच्या मागं आपल्या घराकडे गेला. भेगेतली उन्हाची रेघ विझेपर्यंत चंद्रिका त्याला हाका मारत होती. त्याच्याकडच्या चुलीतून धूर निघाला. त्यानं वळून पाहिलं नाही.

पदर धरलेला हात सुटला. चंद्रिका मागं येऊन कणगीला टेकून बसली.

"आता बोला, काकी," निर्मला शेजारी बसत म्हणाली. "आता किती पण बोला. काय होत नाय."

जन्मभर पाड्याला प्रश्न विचारलेल्या त्या बाईला एकच प्रश्न सुचला. तोही तिनं फार हळू विचारला.

"इथं... आपण दोघीच ना गो?"

निर्मलानं कणगीमागच्या अंधारात पाहिलं. मग म्हणाली, "जरा सरकून बसा."

चंद्रिका सरकली. कणगीमागं तिचा हात टोपलीत पडला. अंडी दगडासारखी गार होती, केव्हाच मेलेली. तिनं हात काढून घेतला नाही, कारण त्यातल्या एकाच्या आतून कुणीतरी टकटक केली, आणि थांबलं. हाक मारून ओ येते का बघत थांबावं, तसं.