बेटावरचा निरोप

डोणगावच्या पुढं एका तळ्यात मधोमध बेट आहे. ते काही देवानं केलेलं नव्हे. तळं खणताना निघालेला मुरूम माणसांनीच तिथं रचला. पण रिकामी जागा माणसाला बघवते कुठं? पटकीच्या साथीत तिथं आजाऱ्यांना ठेवायला एक खोली उठली. साथ सरली, मग त्याच खोलीत मत्स्यबीज केंद्र आलं. पुढं बोटिंग निघालं, भज्यांचं कँटीन चाललं आणि बसलंही. आता तंबूंचं रिसॉर्ट होणार होतं. खोली उद्या पाडायची होती.

साथीनंतरच्या या सगळ्या कारभारात माणसांची ने-आण केली ती तुळशीरामच्या नावेनं. पण तो स्वतः पुन्हा कधी बेटावर उतरला नाही. सहा वर्षांचा असताना बापाबरोबर येऊन त्यानं आजारी आईला त्या खोलीत सोडलं होतं. निघताना उंबऱ्यातून म्हणाला होता, "येतो, माय." 'जातो' म्हणू नये, एवढं त्या वयातही कळत होतं. परत मात्र तो गेला नाही, आणि चौथ्या दिवशी ती गेली.

त्या दुपारी नव्या इंजिनियर रेवतीबाई पंचनाम्याचा कागद घेऊन त्याच्या नावेतून बेटापाशी आल्या.

"काका, खोली रिकामी आहे, अशी पंच म्हणून तुमची सही हवी. आत बघून या."

"मले काऊन पाठवता, बाई? रिकामीच हाये ते."

"न बघता सही कशी घेऊ?"

उद्या खोलीच राहणार नव्हती. तुळशीराम उतरला.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत भिंतींना ओल सुटली होती. फिनेलचा उग्र वास येत होता. इतक्या वर्षांत तिथं फिनेल कोणी शिंपडलं असेल? आईला निजवलं होतं त्या कोपऱ्यात कुणीच नव्हतं.  म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली.

"उशीर झाला व, माय..."

बाहेर पाणीसुद्धा वाजेनासं झालं. पुन्हा खोटं बोलायचं नाही, म्हणून या वेळी त्यानं मुद्दामच शब्द बदलला.

"जातो मी."

अंधारातून अगदी हळू आवाज आला.

"बरं... येते मी."

निरोप घेताना बायका असंच म्हणतात. तिनं निरोपच घेतला, दुसरं काही नाही, असं स्वतःला बजावत तो नावेशी आला. त्यानं सही केली आणि वल्हं उचललं.

रेवतीबाई बॅग मांडीवर घेऊन फळीवर जरा सरकून बसल्या.

"नाव हलतेय, धरून बसा हं," त्या शेजारी वळून म्हणाल्या. मग तुळशीरामकडे बघून हसल्या.

"काका, ही तुमची नात का? तोंडावळा अगदी तुमचाच आहे."