एक तास पुढचा फोटो

"एकच रिंग हं! दुसरी गेली तर आबा बोटीतून उडी मारतील!" तौफिक ओरडला.

संस्कृतीने श्वास रोखून मोबाईल कानाला लावला. पलीकडे एक रिंग वाजली आणि तिने चटकन फोन कापला. मोहीम फत्ते! बेलापूरच्या शेतात थ्री-फेज लाईट आल्याची बातमी थेट ग्रीसला पोचली होती.

संस्कृतीचे आजोबा, म्हणजे पुंजारामआबा, आणि छबूबाईआजी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून भूमध्य समुद्रात बोटीने फिरायला गेले होते. बोट रोज एका नव्या बंदराला लागायची आणि माणसं दिवसभर खाली उतरून गाव बघायची. पण आबांचं अर्धं मन विहिरीवरच्या मोटरीपाशी राहिलं होतं. त्या महिन्यात शेतीची लाईट संध्याकाळी पाचला येई. ती आली, मोटर चालू झाली, की एक मिस्ड कॉल. लाईट नाही आली तर दोन. आणि मोटर जळाली तर तीन! फोन उचलायचा मात्र नाही, कारण परदेशात उचलला की पैसे कापतात.

एवढंच नव्हे, आबांनी मनगटावरचं घड्याळही बेलापूरच्या वेळेवर ठेवलं होतं. "लाईट काय बोटीच्या टायमानं येती व्हय?" असा त्यांचा सवाल होता. तिकडची वेळ या घड्याळात बघायची तर हिशेब सोपा होता. बोटीवर सांगतील त्या वेळेत साडेतीन तास मिळवायचे.

या मिस्ड कॉलच्या खात्याचा कारभार तिघांकडे होता. बारा वर्षांची संस्कृती प्रमुख. मोटर वाइंडिंगवाल्या नूरमहंमदचाचांचा तौफिक तांत्रिक सल्लागार. आणि सुट्टीला नागापूरहून आलेला तिचा चुलतभाऊ पार्थ याचं काम काय, तर शेंगदाणे खाणं. परवा त्याला एकदाच फोन लावू दिला, तर या पठ्ठ्याने तीन मिस्ड कॉल दिले! आबांनी इटलीतल्या नेपल्सच्या भर चौकातून उलट फोन केला आणि त्याची अशी काही हजेरी घेतली की त्याला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. (जेवला मात्र तो पोटभर.) "पुन्यांदा असला खेळ केला, तर मी काय ह्या फोनकडं बघनार न्हाई!" असं बजावून आबांनी फोन ठेवला होता.

ओसरीवर खताच्या कॅलेंडरमागे मुलांनी नकाशा काढला होता. बोट ज्या बंदराला लागे तिथे आजीच्या पाकिटातली एक टिकली चिकटवायची. बार्सिलोनाला टिकली लागली त्या दिवशी आबा मंडळींबरोबर बसमधून फिरायला गेले होते. "चर्च आजून बांधूनच झालं न्हाई आन् तिकिट घेत्यात!" असं म्हणून त्यांनी बसला रामराम ठोकला. तेव्हापासून ते आणि आजी पायीच भटकत. नेपल्स त्यांना फार आवडलं. तिथे गाड्या हॉर्न वाजवत अंगावर येत होत्या, त्यामुळे म्हणे श्रीरामपुरात असल्यासारखं वाटलं.

आज पाचवी टिकली होती. कोर्फू, ग्रीसचं एक बेट.

टिंग! पप्पांच्या जुन्या मोबाईलवर आजीचा फोटो आला. कुठल्याशा दुकानाचं वायफाय मिळालं असणार. बाकावर नऊवारीतली आजी ऐटीत बसली होती. हातात चिवड्याची पुडी, डोक्यावर औषधाच्या दुकानाची हिरव्या दिव्यांची मोठी अधिकची खूण. खाली आजीचा आवाज होता: "संस्कृती, साडेचारच्या आत बोटीवर जायचंय, म्हंजी आबांच्या घड्याळात आठ. लई टाइम हाय! आमी हितंच बसलोय. बोट कशी दिसती सांगू? आपल्या शुगर फॅक्टरीएवढी!"

"आजी काय मस्त दिसतेय!" पार्थ म्हणाला. "पण पुडीत चिवडा किती उरलाय, दिसत नाही."

संस्कृतीने फोटो मोठा केला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. हिरव्या दिव्यांत आकडे चमकत होते. १५:१२.

"तौफिक, आत्ता किती वाजले?"

"पाच बेचाळीस."

"मग तिकडे किती वाजले असतील? साडेतीन तास वजा कर."

"दोन बारा," तौफिक म्हणाला. मग त्याने फोटोकडे पाहिलं. "पण इथे तर तीन बारा आहेत!"

"म्हणजे हा फोटो अजून काढलेलाच नाही!" पार्थ शेंगदाणे टाकून उभाच राहिला. "एक तासाने काढणार आहेत! बापरे, आजी जादू शिकली!"

"गप रे! दुकानाचं घड्याळ बिघडलं असेल," तौफिक म्हणाला.

संस्कृतीने परवाचा नेपल्सचा फोटो काढला. तिथेही औषधाच्या दुकानावर तशीच हिरवी खूण होती. त्यात ११:२०, आणि फोटो आला होता दोन पन्नासला. बरोबर साडेतीन तास! मग तिने आजचा फोटो पुन्हा मोठा केला. चिवड्याची पुडी बोटीवरच्याच एका जाड कागदाची होती. त्यावर इंग्रजी मजकूर होता, एक घड्याळाचं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी ठळक '+१'.

संस्कृतीने फोटो दोघांपुढे धरला.

"अरे, ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे आहे! बोटीवाल्यांनी कागदावर छापून सांगितलं आणि आजीने त्यात चिवडा बांधला! आता साडेतीन नाही, अडीचच मिळवायचे. साडेचार म्हणजे आपल्याकडचे आठ नव्हेत, सात! आबा एक तास उशिरा जाणार!"

"मग बोट?" पार्थने विचारलं.

बोट तर दोघांना सोडून निघून जाणार होती. दोघांचे पासपोर्ट बोटीवरच्या पेटीत होते. आजीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याही तिथेच होत्या. आणि आजी तर जायलाच तयार नव्हती! "मला इंग्रजी येत न्हाई, कुठं हरवले बिरवले तर?" असं म्हणून ती महिनाभर अडून बसली होती. तेव्हा तिच्या गळ्यात पडून संस्कृतीनेच सांगितलं होतं, "जा ना गं! काही झालं तर मला फोन कर, मी आहे ना!" आता काहीतरी होणार होतं आणि आजीला त्याचा पत्ताही नव्हता. संस्कृतीला रडूच यायला लागलं, पण रडायला वेळ कुठे होता?

तिने आजीला मेसेज टाकला. एकच टिक आली. वायफाय गेलं होतं, आणि त्याच्याशिवाय आजीचा फोन तिकडे चालत नव्हता.

ती धावत पप्पांकडे गेली. रामराव मोबाईलवर मॅच बघत खाटेवर पसरले होते.

"पप्पा, आबांची बोट सुटेल!"

"सुटणारच! बोट आहे ती, सुटण्यासाठीच असते. वाऽ, चौकार!"

"पप्पा, आबांना सोडून!"

"बोट काय एसटी आहे का, सोडून जायला? एवढे पैसे घेतलेत, माणसं मोजल्याशिवाय हलत नाहीत. टूर मॅनेजरला विचार हवं तर."

तिने टूर मॅनेजरला व्हॉट्सॲपवर फोन लावला. मागे बसचा घरघराट होता.

"हो हो, बेटा, एक तास पुढे, बरोबर! मी इंग्रजीत ग्रुपवर टाकलंय. साडेचारला दरवाजे बंद. तुझे आजी-आजोबा बसमध्ये आहेत ना, मागे झोपले असतील!"

"अहो, ते बसमध्ये नाहीत! गावात बाकावर बसलेत, माझ्याकडे फोटो आहे!"

"असं कसं? मी मोजतो हं थोड्या वेळाने. आवाज तुटतोय!" आणि आवाज तुटलाच.

"मोठी माणसं!" तौफिकने कपाळावर हात मारला. "लाव आबांना. तीन मिस्ड कॉल दे!"

तीन दिले. मग आणखी तीन. उलट फोन काही आला नाही. पार्थ हळूहळू लाल होत गेला.

"त्यांना वाटतंय मीच खेळतोय," तो पुटपुटला. "माझ्यामुळे झालं हे."

"आता रडू नको, शेंगदाणे खा," संस्कृती म्हणाली. मग एकदम थांबली. "आबा कुणाचा फोन उचलतील? पैसे गेले तरी चालतील, पण उचलतीलच असा कुणाचा?"

तौफिकचे डोळे चमकले. "माझ्या अब्बांचा! मोटर वाइंडिंगवाल्याचा फोन आला आणि शेतकऱ्याने उचलला नाही, असं बेलापुरात आजवर झालेलं नाही!"

दोन सायकली आणि तीन मुलं बाजारपेठेकडे सुटली. नूरमहंमदचाचा दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली.

"फोन घ्या, बेटा. पण मोटर जळाली असं मी सांगणार नाही. धंद्यात खोटं बोललो नाही, आता काय बोलू?"

"तुम्ही काही बोलूच नका, चाचा!" संस्कृतीने फोन लावला. दुसऱ्या रिंगला आबांचा आवाज गडगडला.

"नूर! जळाली का? तार तांब्याचीच घाल, सांगून ठेवतो!"

"आबा, मी संस्कृती! मोटर ठीक आहे, पण—"

खट्! मोटर ठीक आहे म्हटल्यावर आबांना पुढचं ऐकायचं काही कारण उरलं नव्हतं.

"मोटर ठीक आहे कशाला सांगितलंस!" दोघे एकदम किंचाळले. भिंतीवरचं घड्याळ सहा तीस दाखवत होतं. संस्कृतीने काकुळतीने चाचांकडे पाहिलं.

"चाचा, खोटं नका बोलू. खरंच सांगा, पण मोटरीचं नाव काढू नका!"

चाचांनी दाढी खाजवली, फोन लावला आणि घसा खाकरला. "पुंजारामभाऊ, मोठी अडचण झालीये. नाही, तुम्हाला नाही सांगता येत. वहिनींना द्या. अहो भाऊ, आधी वहिनींना फोन द्या!"

चाचांचा असा आवाज आबांनी कधी ऐकला नसावा. मुकाट्याने फोन आजीच्या हातात गेला.

"आजी, नीट ऐक! आबांचं घड्याळ आज चुकतंय. बोट एक तास आधी सुटणार आहे! तुझ्या डोक्यावर हिरवे दिवे आहेत ना, त्यात काय आकडे आहेत?"

"थांब गं. एक, सहा. मग शून्य, दोन."

"म्हणजे चार वाजून दोन मिनिटं! साडेचारला दरवाजे बंद होणार! टॅक्सी करा, बोटीचं कार्ड दाखवा, आत्ताच्या आत्ता निघा!"

मागून आबा गरजले, "काय बी सांगती पोरगी! आजून दीड तास हाय, माझं घड्याळ कधी चुकत न्हाई!"

मग आजीचा आवाज आला. इतका ठाम आवाज संस्कृतीने कधी ऐकला नव्हता. "पन्नास वर्सं तुमच्या घड्याळावर चालले. आज पोरीच्या घड्याळावर चालनार. उठा!"

फोन बंद झाला.

पुढचा अर्धा तास कसा गेला ते त्या तिघांनाच ठाऊक. पार्थने एकही शेंगदाणा खाल्ला नाही, यावरून काय ते समजा! मॅच संपवून रामरावही दुकानात येऊन पोचले. सगळं कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. सात वाजले. सात वाजून पाच मिनिटं झाली. संस्कृतीने चाचांचा फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

ट्रिंग!

एकच रिंग वाजली आणि बंद झाली. पडद्यावर नाव होतं: पुंजारामभाऊ.

"एक रिंग!" तौफिक उडालाच. "एक म्हणजे 'आली'!"

"मिळाली! बोट मिळाली!" संस्कृती किंचाळली आणि इतका वेळ अडवून ठेवलेलं रडू भर बाजारात फुटलं. चाचांनी सगळ्यांना पेरूचं सरबत पाजलं. पार्थने तीन ग्लास घेतले आणि पहिल्यांदाच त्याचं तीन मोजणं बरोबर आलं!

आठवड्याने आजी-आबा परतले, तेव्हा ओसरीवर सगळे जमले होते. दरवाजा बंद व्हायला चार मिनिटं असताना आजी नऊवारी सावरत कशी पळाली, हे आबांनीच हातवारे करून सांगितलं. टूर मॅनेजर तेव्हा कुठे माणसं मोजत दारात उभा होता! रामरावांनी सगळ्यांसमोर कान पकडले. "यापुढे ही पोरं बोलतील तेव्हा मॅच बंद!" नूरमहंमदचाचा म्हणाले, "भाऊ, तुमच्या नातीचं डोकं तांब्याच्या तारेचं आहे. जळायचं नाही!"

आजीने संस्कृतीला जवळ ओढलं. "तू म्हनली हुतीस, काय झालं तर फोन कर. मला तर काय झालंय तेच कळलं नव्हतं. तूच केलास." आणि तिने पदराला डोळे पुसले.

आबा मात्र खांबाला टेकून निवांत बसले. त्या दिवसापासून त्यांनी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावलं होतं, आणि शेवटच्या बंदरापर्यंत पुन्हा चुकले नव्हते. "तर मग त्या कोर्फूत काय झालं," त्यांनी चौथ्यांदा सुरुवात केली.

"आबा, पाच वाजत आले. लाईट?" संस्कृतीने विचारलं.

आबांनी ऐटीत मनगट पाहिलं. "आत्ता कुठं अडीच वाजत्यात. लई टाइम हाय!"

संस्कृतीने तौफिककडे पाहिलं, तौफिकने पार्थकडे. मग तिने गुपचूप मोबाईल काढला आणि आबांच्या खिशात एकच रिंग वाजली.

आबा सवयीने दुसऱ्या रिंगसाठी थांबले. त्यांनी क्षणभर घड्याळाकडे पाहिलं, मग नातीकडे. आणि एक चप्पल पायात, एक हातात, असे ते मोटरीकडे धावत सुटले!