भर दुपारचं गिऱ्हाईक

जागृतीचं काम साधं होतं. टेप, वही आणि कॅमेरा घेऊन जायचं, जुन्या इमारतीची मापं घ्यायची, ती का जपावी ते चार पानांत लिहायचं आणि संध्याकाळपर्यंत पनवेलला परतायचं. त्या दिवशीही ती अशीच निघाली. किहीमच्या पुढच्या एका गावात रस्ता रुंद होणार होता आणि कोपऱ्यावरचं एक जुनं दुकान त्यात जाणार होतं. गावातल्या दोघाचौघांनी अर्ज केला म्हणून जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्यानं तिला पाठवलं होतं.

दुकान दिसलं आणि तिचे पाय थबकले. एक रस्ता खाली जुन्या बंदराकडे जात होता, दुसरा बाजाराकडे. जिथं दोन्ही मिळत होते तिथं बांधणाऱ्यानं इमारतीचा कोपराच छाटून त्यात दार बसवलं होतं. कुठूनही या, समोर तेच दार. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि दाराला शटर नाही, तर खाचेत एकेक करून सरकवायच्या अकरा सागवानी फळ्या. प्रत्येक फळीवर मराठी आकडा कोरलेला. गलबतातून उतरलेला माल, मुंबईची पत्रं, गावातला पहिला रेडिओ, सगळं याच दारातून गावात आलं होतं. 'हे नुसतं दुकान नाही, हे गावाचं तोंड आहे,' असं तिनं वहीत लिहिलं आणि ते तिचं तिलाच आवडलं.

मागच्या दोन खोल्यांत मालकीण सोनूबाई एकटीच राहायची. पंचाहत्तरी उलटलेली, अंगानं वाळकी, बोलणं कमी. तिनं चहा दिला. दुकान चाळीस वर्षं बंद आहे, एवढं सांगितलं.

"आजी, काळजी करू नका," जागृती म्हणाली. "मी हे पडू देणार नाही."

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"पडू दे, बाय."

"अहो, पण असं दुकान अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं नाही."

"तुज्या पाया पडते. पाडू दे त्यान्ला."

कुणीतरी दमदाटी केली असणार, असं जागृतीला वाटलं. ती मापं घेत राहिली. बाराच्या आत निघ, असं सोनूबाईनं दोनदा सांगितलं, पण आतल्या खोलीची मापं राहिली होती.

बारा वाजले. कावळे गप्प झाले. माडांच्या झावळ्या हलायच्या थांबल्या. तापलेल्या कौलांचा आणि कुठल्याशा अंगणात वाळणाऱ्या सुकटीचा वास घरात कोंडून राहिला. सोनूबाईनं ताटात भात वाढून घेतला आणि ताटासमोर ती नुसतीच बसली. तिची नजर दुकानाकडच्या बंद दारावर होती.

"आये... गिऱ्हाईक आयलंय."

आवाज त्या दारामागून आला. लहान मुलीचा, थोडा कंटाळलेला. खेळायला जायचंय आणि आई गल्ल्यावर येत नाही, असा.

जागृती उठली. सोनूबाईनं तिचं मनगट धरलं. त्या वाळक्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"आये, ये ना... त्यो उबा हाय."

मग बराच वेळ काही नाही. आणि अगदी हळू, घशात अडकल्यासारखं...

"आये... त्यो आत येतोय."

एक फळी करकरली. नंतर बाहेर कावळा ओरडला, झावळ्या हलल्या, आणि दुपार पुन्हा नेहमीसारखी झाली. जागृतीनं धावत जाऊन दार उघडलं. रिकामं दुकान. अकराही फळ्या जागच्या जागी, त्यांवर जाड धूळ.

"माजी काशी," सोनूबाई मागून म्हणाली. "नव वर्सांची. मी जेवत व्हते. तिनं हाक मारली, मी म्हनलं, थांब, येते. तीन येला मारली. मी घास घेत बसले, बाय... घास घेत बसले. येऊन बगते तं तराजूचं पारडं हलत व्हतं, आन पोर न्हाय. ह्या रस्त्याव बायका मासली सुकवीत व्हत्या, त्या रस्त्याव बैलगाडी उबी. कोनाला कोन दिसला न्हाय. ना येताना, ना जाताना."

"आणि तेव्हापासून..."

"रोज. आदी धावत जायची मी. आता जात न्हाय, पाय घेत न्हाईत. दार हाय तवर त्यो येनार, आन ती हाक मारनार. दार पडलं तं सुटंल माजी पोर."

जागृतीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि दार पडू देईन, असा शब्द दिला.

पण पनवेलच्या घरात पंखा फिरत होता, खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आणि दोन दिवसांत ती दुपार आकसत आकसत एवढीशी झाली. शेजारचं पोर असेल. कुणाचा टीव्ही असेल. एकट्या म्हातारीचं दुःख आपल्या कानात शिरलं असेल. अहवाल मात्र समोर होता, आणि इतका चांगला अहवाल तिनं आजवर लिहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं तो पाठवून दिला.

चार महिन्यांनी आदेश निघाला. रस्ता वळवून न्यावा. इमारतीचा दर्शनी भाग, विशेषतः दार, जसंच्या तसं राखावं. जागृती तो कागद घेऊन स्वतः गेली. दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढी लाज तिला होती.

सोनूबाई रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे दार ऱ्हानार?"

"हो, आजी."

"किती वर्सं?"

जागृतीनं हातातला कागद पुन्हा वाचला. "कायमचं," ती शेवटी म्हणाली.

म्हातारीनं मान डोलावली. "मंग मलाच जायाला पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या सगुणानं तिचा आवाज ऐकला. चाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता एवढा मोठा. "आले गं बाय, आले!" सगुणा धावत आली तेव्हा मधली फळी काढून बाजूला ठेवलेली होती आणि घरात कुणी नव्हतं. गावानं विहिरी पाहिल्या, किनारा पाहिला, आठ दिवस खाडी पाहिली. सोनूबाई सापडली नाही.

जागृतीनं इमारत जपायच्या वास्तूंच्या यादीतून काढावी म्हणून अर्ज केला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. इमारतीचं महत्त्व आपल्याच अहवालानं निर्विवाद सिद्ध झालं आहे, सबब विनंती अमान्य. त्यानंतर तिनं दुसरी कुठली इमारत मोजली नाही. दुपारचं जेवण तिनं सोडलं. घास हातात घेतला की कान दाराकडे जायचे.

दुकानाची डागडुजी झाली. बाहेर माहितीची पाटी लागली, तळाशी अहवाल लिहिणारी म्हणून जागृतीचं नाव. राखणीला दिघीकडचा शिवदास नावाचा माणूस ठेवला. गावात नवा, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. काही वाटलं तर फोन कर, म्हणून जागृतीनं त्याला आपलं कार्ड देऊन ठेवलं होतं. कामाला लागल्यापासून आठवड्यातच त्याचा फोन आला.

"मॅडम, आता एक मानूस येऊन गेला. भर उन्हात. इचारत व्हता, आता दुकानात कोन बसतं."

जागृती खुर्चीतून उठली. "तू... काय सांगितलंस?"

"पाटीवर तुमचंच नाव हाय. तेच सांगितलं. मंग पत्ता मागितलान."

"दिलास?"

"तुमचं कार्ड शोधत व्हतो, पन त्याच्या संगं एक म्हातारी न् एक बारीक पोरगी व्हती." शिवदासनं आवाज खाली आणला. "मॅडम, ती पोरगी तुमच्या वळखीची हाय का? मला कार्ड गावायच्या आदीच तिनं त्याला तुमचा पत्ता सांगून टाकला... मजल्यासकट."