तब्येतीचं काही नाही ना?

"समजा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर घर कोण चालवेल?"

हा प्रश्न मी ओटाहुहू स्टेशनच्या फलाटावर, आडोशाच्या काचेतल्या माझ्याच प्रतिबिंबाला विचारला होता. पाऊस तिरपा येत होता आणि आडोशात माझ्याशिवाय कुणी नाही, असा माझा समज होता. निरीक्षण अपुरं होतं.

"उद्या नको," पाठीमागून मराठीत उत्तर आलं. "उद्या माझी शिफ्ट आहे."

बाकावर एक तरुण बसला होता. पायाशी अवजारांची पेटी, केसांतून निथळणारं पाणी, चेहरा अत्यंत गंभीर.

"सॉरी," तो म्हणाला, "पण इतक्या प्रेमानं मला कुणी मरणाबद्दल विचारलं नव्हतं."

"मी परीक्षेची तयारी करतेय."

"कसली? यमदूताची?"

"विमा सल्लागाराची."

"म्हणजे खातं तेच. फक्त थोडं आधी येणारं."

मी हसले नाही. मात्र ट्रेन आल्यावर, डबा जवळजवळ रिकामा असूनही, आम्ही समोरासमोर बसलो. या घटनेला योगायोग म्हणता येणार नाही.

त्याचं नाव शंतनू. सांगलीहून इथे परदेशात शिकायला आला होता आणि आता सुपरमार्केटांतल्या फ्रीझरची देखभाल करत होता. मी सुरुची; पुण्याची, सूक्ष्मजीवशास्त्राची. अन्नतपासणीची माझी प्रयोगशाळा बंद पडल्यावर मी माउंट वेलिंग्टनमधल्या एका विमा सल्लागाराच्या ऑफिसात फोन घेत होते. सल्ला द्यायचा तर लेव्हल फाइव्हचं सर्टिफिकेट हवं. लेखी भाग मी सहज पार केला होता. प्रात्यक्षिकात नापास झाले होते.

"प्रात्यक्षिकात काय असतं?" त्यानं विचारलं.

"एक नट ग्राहक होऊन बसतो. आपण त्याची मुलाखत घ्यायची. परीक्षक बघत असतात."

"आणि तू काय केलंस?"

"मी विचारलं, घरात कुणाला हृदयविकार वगैरे नसेलच ना? तो नाही म्हणाला. प्रत्यक्षात त्याच्या भूमिकेतले वडील हृदयविकारानं गेले होते. परीक्षकांनी लिहिलं, प्रश्नातच उत्तर पुरवते."

"आपल्याकडे असंच विचारतात," तो म्हणाला.

ते खरं होतं. स्थळ बघताना, पाहुण्यांची चौकशी करताना, आपण 'तब्येतीचं काही नाही ना?' असंच विचारतो. समोरच्याला नकाराची सोय करून देणं ही सभ्यता मानली जाते. विम्यात मात्र त्या सभ्यतेची किंमत ग्राहकाचं कुटुंब मोजतं, कारण लपलेला आजार पुढे उघड झाला की दावा नाकारला जाऊ शकतो. मला आणखी एक संधी होती. ती हुकली तर ऑफिस मला ठेवणार नव्हतं. हे मला अतिशय नम्रपणे कळवण्यात आलं होतं.

"ग्राहक हवाय का सरावाला?" उतरताना त्यानं विचारलं. "फुकट आहे. शनिवारी रिकामा असतो."

माउंट रॉस्किलच्या लायब्ररीत शनिवार सुरू झाले. तो दर वेळी नवा ग्राहक होई.

"व्यवसाय?"

"डेअरी. म्हशी नाहीत, कोपऱ्यावरचं दुकान."

"वैवाहिक स्थिती?"

"प्रयत्न चालू आहेत."

"हे उत्तर ग्राह्य नाही."

"का? खरं सांगणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे, असं तूच म्हणालीस."

मी मान खाली घालून काहीतरी लिहीत असे. काय लिहिलं, ते नंतर वाचता येत नसे... हे निरीक्षण मी नोंदवून ठेवते, त्यावरून निष्कर्ष काढत नाही.

मात्र आजाराच्या प्रश्नाशी आलं की माझी जीभ जुन्या वळणावर जाई. "घरात तसं काही नसेल ना?" तो लगेच म्हणे, "नाही." आणि पुढे काही क्षण टेबलाकडे बघत राही. त्या क्षणांकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

मग त्याच्या आईनं मला जेवायला बोलावलं. मालतीकाकू काही महिन्यांसाठी त्याच्याकडे आल्या होत्या. भरली वांगी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "घरी सगळे ठणठणीत ना गं?"

"हो, काकू."

"आमच्याकडेही तसंच हो."

शंतनूनं हातातला घास ताटात ठेवला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी मी प्रश्न पाठ करून गेले. "तुमचे आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला कोणते गंभीर आजार झाले?" एवढं विचारून गप्प बसले. बाहेर बस येऊन थांबली, निघून गेली. मी गप्प राहिले.

"वडिलांना," तो म्हणाला. "दोन्ही किडन्यांत गाठी. डायलिसिसवर होते. पन्नाशीही गाठली नाही."

मी लिहून घेतलं. मग वर बघितलं. तो आता कुठलाच ग्राहक राहिला नव्हता.

"हे तुझं आहे," मी म्हणाले.

"माझं आहे. आनुवंशिक. तुला माहीतच असेल..."

माहीत होतं. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता.

"मी मागच्या वर्षी तपासणी केली," तो म्हणाला. "मलाही आहे. आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत कुठे बोलू नकोस. मला लपवायचं नव्हतं, सुरुची. पण तू विचारायचीस, तसं काही नसेल ना... आणि नाही म्हणणं फार सोपं असायचं."

मी पेन खाली ठेवलं.

"आणि मला तू आवडतेस," तो शांतपणे म्हणाला. "आता दोन्ही गोष्टी तुला माहीत आहेत."

"मला वेळ लागेल."

"घे."

"किती, ते सांगता येणार नाही."

"सांगू नकोस."

परीक्षा झाली. या वेळी ग्राहक झालेली नटी मोठी हुशार होती. बहिणीचा कर्करोग तिनं दीर्घ शांततेनंतरच सांगितला, आणि ती शांतता मी मोडली नाही. पास झाले. ज्याला प्रथम सांगायचं, त्याला फोन मात्र केला नाही. मी शोधनिबंध वाचत होते. कुणाच्या किडन्या साठीपर्यंत टिकतात, कुणाच्या चाळिशीत थकतात. सरासरी काढता येते, पण सरासरीबरोबर संसार करायचा नसतो.

फोन मालतीकाकूंचा आला.

"पास झालीस म्हणे. तुझ्या ऑफिसातली राजश्री मंदिरात भेटली, तिनं सांगितलं. अभिनंदन हो." मग म्हणाल्या, "तुला आमचा राग नाही ना आला?"

"आला होता, काकू. आता भीती वाटतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला तेवढीही सवड मिळाली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सासरच्यांनी लग्नाआधी आजाराचं सांगितलंच नव्हतं. मी मात्र तेच करायला निघाले होते..." "मंगळवारी त्याची हॉस्पिटलात तपासणी आहे. मला नेत नाही. म्हणतो, तू तिथे रडतेस."

मंगळवारी मी ऑफिसातून सुटी घेतली. किडनी विभागाच्या प्रतीक्षागृहात तो कोपऱ्यात एकटा बसला होता. मला बघून उठला. काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. "किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "तुम्ही यांच्या कोण?"

शंतनू घाईनं म्हणाला, "फ्रेंड आहे, सोबत—"

"पार्टनर," मी म्हणाले.

बाईंनी मान डोलावून खुर्च्यांकडे हात केला. आम्ही बसलो. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"प्रश्न तिनं विचारला," तो हळूच म्हणाला, "आणि उत्तर मला दिलंस."

"हो."

"विचार केलास?"

"केला. मुलांचं काय, ते मला आज ठरवता येत नाही. तू किती वर्षं धडधाकट राहशील, तेही कुणाला सांगता येणार नाही. मला तू हवा आहेस, एवढंच खात्रीनं सांगता येतं." मी त्याच्या हातावर हात ठेवला. "तुला आत्ता काय वाटतंय?"

मी वाट पाहिली.

"भीती," तो म्हणाला. "आणि... तू आलीस, याचं—"

दार उघडलं. नर्सनं त्याचं आडनाव पुकारलं. उच्चार साफ चुकलेला होता. आम्ही दोघंही उठलो.