सोळा तबकड्यांची आंघोळ

औषधांच्या दुकानात त्याने पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि अल्कोहोलची मोठी बाटली मागितली, तेव्हा दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून त्याला नीट न्याहाळून घेतलं.

“कशाला एवढं?”

“आंघोळीला.”

“कोणाच्या?”

“तबकड्यांच्या. गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स असतात ना...”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याने वळून पाहिलं, आणि झालं, पठ्ठ्याची विकेट तिथेच पडली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी मुलगी होती ती.

“माझ्या बाबांच्या सोळा आहेत,” ती म्हणाली. “गाणं कमी आणि खरखर जास्त. ते दादाकडे गेलेत, नऊ दिवसांनी येतील. तेवढ्यात होतील?”

“एका संध्याकाळीच होतील,” तो म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे फार जड गेलं.

तो दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा. दातांच्या एका डॉक्टरने टाकून दिलेलं, अवजारं धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र त्याने घरी आणलं होतं. त्यातल्या पाण्यात बारीक बारीक बुडबुडे उठतात आणि खाचांमधली वर्षानुवर्षांची धूळ सुटते. वर एक दांडी, दांडीवर चार तबकड्या, आणि त्या सावकाश फिरवायला टेबलफॅनची मान वळवणारी मोटर. पाण्यात थोडं अल्कोहोल आणि साबणाचे मोजून चार थेंब. हे सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चालायचं. “मला पोळ्या लाटायला जागा नाही आणि ह्यांचं अभ्यंगस्नान,” असं त्याची आई येईल त्याला ऐकवायची.

त्याच संध्याकाळी ती तबकड्या घेऊन त्याच्या घरी आली, स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. तो पाणी ओतत होता आणि ऐकत होता. पाणी खाचांपुरतंच हवं, मधलं कागदी लेबल कोरडं राहायला हवं, हे त्याला झोपेतही माहीत होतं. पण ती हसताना आधी डोळ्यांनी हसायची, मग ओठांनी... आणि पाणी दोन बोटं जास्त झालं. चार-चार करत सोळाही तबकड्या त्याने धुतल्या आणि न बघताच मागच्या, वाळवायच्या लाकडी घोडीवर लावल्या. तिला घोडी समोरच दिसत होती म्हणे, पण तीही तबकड्यांकडे पाहत नव्हती.

शेवटी त्याने वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सोळाही लेबलांचा लगदा झाला होता. मूळ कव्हरं वाळवीने कधीच खाल्लेली. आता कुठली तबकडी कुठली, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं.

“बाबा मला घराबाहेर काढतील,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात त्याला आठवलं. लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यावर प्रत्येक तबकडीचा नंबर बारीक कोरलेला असतो. भिंग घेतलं, नंबर वाचला, त्याच्याकडच्या जाड सूचीत पाहिला, की अर्ध्या तासात सोळाही नावं मिळाली असती. त्याने हातात भिंग घेतलंसुद्धा. मग तिच्याकडे पाहिलं... आणि भिंग खणात टाकलं.

“ऐकूनच ओळखावी लागतील,” तो म्हणाला. “रोज दोन. जास्त ऐकलं की कान थकतात.”

मग रोज संध्याकाळी दुकान बंद करून ती यायची. दोन तबकड्या वाजायच्या, ती लहानपणापासून ऐकलेली गाणी ओळखायची, नवी लेबलं लिहायची आणि तो कापून चिकटवायचा. गाणी आता लख्ख वाजत होती. चौथ्या दिवशी तिने त्याच्या बोटाला लागलेला डिंक आपल्या रुमालाने पुसला, तेव्हा पुढचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. त्याला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आणि तिच्या जिवाला आठ दिवस फुकट घोर लावल्याचं कळलं, तर ती पुन्हा पायरी चढणार नाही, याची भीतीही होती.

आठव्या संध्याकाळी शेवटचं गाणं संपलं. त्याने खणातून भिंग काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

“एक सांगायचंय. तबकडीवर नंबर असतो. पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं. मी... मुद्दाम बोललो नाही. तुम्ही रोज यावं म्हणून.”

पर्समधून तिने एक घडी घातलेला कागद काढला. सोळा नंबर, सोळा नावं, सुबक अक्षरात. वर तारीख होती तबकड्या धुतल्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

“दिवसभर लोकांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावते मी,” ती म्हणाली. “तबकड्यांवरचे नंबर मला भिंगाशिवाय दिसले. फळीवरची तुझी ती जाड सूची तू चहा करायला गेलास तेव्हा पाहिली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू भिंग खणात टाकलंस ना. म्हटलं, बघू तरी हा किती दिवस काढतो.” तिचे कान लाल झाले होते. “मला आवडतोस तू. आणि उद्या सकाळी बाबा येतायत. लेबलांचं मी सांगते त्यांना. बाकीचं... तू येऊन सांग.”

“येतो,” तो म्हणाला. “म्हणजे उद्या ते प्रवासाने दमलेले असतील. परवा? किंवा या आठवड्यात कधीतरी...”

स्वयंपाकघराच्या दारात आई लाटणं घेऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

“तू राहू दे,” ती म्हणाली. “पोरी, घराचा पत्ता दे. उद्या मीच येते.”