पाणकळी बेटाच्या उंबरठ्यावरून

"आजोबा, पंख आहेत, तर मग ठुमकी पक्षी उडत का नाही?"

शाल्मलीने नौकेच्या कठड्यावर डोकं टेकवून विचारलं. बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सौरनौका रत्नागिरीहून निघाल्यापासून तिला बोट लागली होती. आता कुठे पाणकळी बेटाची हिरवी रेघ दिसत होती. भर समुद्रातलं हे राखीव राष्ट्रीय उद्यान. ठुमकी जगात फक्त इथेच राहायची, आणि इथे यायची परवानगी मिळेपर्यंत पक्षिशास्त्रज्ञ आजोबांचे केस पांढरे झाले होते.

"उडायला फार ताकद लागते," आजोबा थकलेल्या आवाजात म्हणाले. "ठुमकीचे पूर्वज वादळात भरकटून इथे आले. बेटावर ना साप, ना मांजर, ना उंदीर. मग उडून जायचं कोणापासून? ज्यांचे पंख लहान होते, त्यांची ताकद वाचली. ती अंडी-पिल्लांच्या कामी आली. त्यांचीच पिल्लं जास्त जगली. असं होत होत लाखो वर्षांत पंख आखडले. यालाच उत्क्रांती (पिढ्यानपिढ्या सजीवांत होत जाणारा बदल) म्हणतात."

बेटापासून बऱ्याच अंतरावर एक तरंगता धक्का होता. तिथे पारखी नावाचा रोबो नौकेवर चढला. त्याने सगळ्यांच्या बुटांचे तळ घासून त्यांत अडकलेलं गवताचं बी काढलं. मग तो कोठारात शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"बटाट्याच्या पोत्यात उंदराच्या ताज्या लेंड्या आहेत," तो बाहेर येऊन म्हणाला. "नौका पुढे नेता येणार नाही."

आजोबांनी गळ्यातली दुर्बीण काढून पिशवीत ठेवली.

"सापळा लावू की, डॉक्टर," काशिनाथ टांडेल म्हणाले. नौका तेच चालवत. "नाहीतर छोटी होडी सोडतो. तुम्ही दोघं पटकन जाऊन या."

"एकच तर उंदीर असेल!" शाल्मली रडवेली झाली.

"गाभण मादी असली, आणि होडीतल्या सामानात लपून गेली, तर?" आजोबांनी तिला जवळ घेतलं. "थोड्या महिन्यांत बेटभर उंदीर होतील. ठुमकी घरटं जमिनीवर करते. वर्षाला अंडं एकच. शत्रू कधी पाहिलाच नाही, म्हणून ती पळतही नाही. तिच्या डोळ्यांदेखत उंदीर अंडं फोडेल. अशा पाहुण्यांना अडवणं म्हणजे जैवसुरक्षा (परक्या जीवांपासून एखाद्या जागेचं रक्षण). काशिनाथ, नौका वळवा."

टांडेलांनी सुकाणू फिरवलं.

धक्क्यावर परत उतरण्यापूर्वी पारखीने छातीवरचा पडदा उजळला. किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्यात एक राखाडी, गोलमटोल ठुमकी दिसत होती. ती तुरुतुरु चालत थेट कॅमेऱ्यापाशी आली, मान वाकडी करून पाहू लागली आणि भिंगावर चोच मारली. भीती म्हणून नाहीच!

"किती भोळी आहे," शाल्मली पुटपुटली. "बरं झालं, आपण गेलो नाही." आणि हे म्हणताना तिला पुन्हा रडू आलं.

आजोबा पडद्याकडे एकटक पाहत होते. "मला पुन्हा यायला जमेलसं वाटत नाही," ते हळूच म्हणाले. "तू मोठी झालीस की ये."

"तेव्हा ती असेल?"

आजोबांनी थकून डोळे मिटले. पण ते हसत होते.

"आज आपण परत फिरलो ना? मग असेल."